जर्मनीतली छोटी कंपनी-पेन्शन: हातात येईपर्यंत किती उरते?

जर्मनीत नोकरी करून निवृत्त होणाऱ्या माणसाला साधारणपणे दोन ठिकाणांहून पेन्शन येते. एक सरकारी, म्हणजे पगारातून दरमहा कापलेल्या वर्गणीवर मिळणारी. दुसरी कंपनीच्या मार्फत साठवलेली. ती कुणाला पेन्सिओन्सकासे नावाच्या फंडातून मिळते, कुणाला विमा पॉलिसीतून, तर कुणाला थेट कंपनीकडून. ही दुसरी पेन्शन बहुतेकांची छोटीच असते: महिना दीडशे, दोनशे, फार तर तीन-चारशे युरो. करारात आकडा दिसतो २०० युरो आणि २०२५ च्या दराने बँकेत जमा होतात १९० युरो ६२ सेंट. हा प्राप्तिकर नव्हे, त्याचा हिशेब निराळा. ही कपात आरोग्य विम्याच्या आणि शुश्रूषा विम्याच्या हप्त्याची आहे.

कुणी म्हणेल, नऊ-साडेनऊ युरोंसाठी एवढा मोठा लेख कशाला? रक्कम वाढली की कपात भरभर वाढते, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की ही कपात किती बसणार हे आपण तिशी-चाळिशीत घेतलेल्या निर्णयांवर ठरतं, आणि ते निर्णय घेताना हा विषय सहसा कुणी काढत नाही. एचआरकडून फॉर्म येतो, एजंट ‘कर वाचेल’ म्हणतो, आपण सही करून मोकळे होतो. म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रांकफुर्टमध्ये स्थिरावलेल्या आपल्या कितीतरी मंडळींच्या पगारातून दरमहा अशी रक्कम जाते आहे. त्यांनी तरी हे गणित एकदा समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी दोन विम्यांची ओळख. आरोग्य विमा चालवते ती आपली क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था. दुसरा शुश्रूषा विमा. इथले आपले लोक त्याला नुसतं ‘फ्लेगे’ म्हणतात. म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे अंघोळ, जेवण, उठबस दुसऱ्याच्या मदतीशिवाय होईनाशी झाली, तर त्या मदतीच्या खर्चाला हातभार लावणारा हा विमा. तो १९९५ साली सुरू झाला. तुम्ही सरकारी क्रांकेनकासेत असाल तर फ्लेगेचा हप्ताही तीच गोळा करते.

आता दर. या लेखातले सगळे हिशेब मी २०२५ च्या दरांनी केले आहेत. आरोग्य विम्याचा मूळ दर १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक क्रांकेनकासे स्वतःची वाढीव टक्केवारी लावते. २०२५ साठी सरकारने तिची सरासरी २.५ टक्के धरली होती. एकूण झाले १७.१ टक्के. फ्लेगे ३.६ टक्के, मूलबाळ नसेल तर ४.२ टक्के. (दोन किंवा जास्त मुलं २५ वर्षांखालची असतील तर थोडी सूट मिळते, पण पेन्शनच्या वयात ती फार थोड्यांना लागू पडते.)

नोकरीत असताना आरोग्य विम्याचा अर्धा भार कंपनी उचलते. सरकारी पेन्शनवरही अर्धा भार पेन्शन खातं उचलतं. कंपनी-पेन्शनवर मात्र तो अर्धा भार उचलणारं कुणीच नाही. १७.१ टक्के अख्खेच्या अख्खे पेन्शनरच्या माथी. वर फ्लेगे. म्हणजे साधारण एक पंचमांश रक्कम गेली. म्हणूनच छोट्या पेन्शनसाठी सवलत ठेवली आहे, आणि त्या सवलतीची रचना नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

सवलतीचा आकडा २०२५ साठी महिना १८७ युरो २५ सेंट. तो साधारणपणे दरवर्षी १ जानेवारीला बदलतो, कारण देशातल्या सरासरी पगारावरून सरकार एक आधार-रक्कम ठरवतं आणि सवलत त्या रकमेचा विसावा भाग असते. २०२५ ची आधार-रक्कम होती ३,७४५ युरो. २०२६ ची ३,९५५, म्हणून सवलत वाढून १९७ युरो ७५ सेंट झाली.

कंपनी-पेन्शन या आकड्याच्या आत असेल तर प्रश्नच मिटला. आरोग्य विमा शून्य, फ्लेगे शून्य. पेन्शन आकड्याच्या वर गेली की मात्र दोन्ही विमे वेगवेगळे वागतात. आरोग्य विम्यासाठी हा आकडा वजावटीसारखा आहे: पेन्शनमधून १८७.२५ वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवरच हप्ता. फ्लेगेसाठी तो नुसता उंबरठा आहे: एक सेंट जरी वर गेलात, तरी पहिल्या युरोपासून सगळ्या रकमेवर हप्ता.

दोनशे युरोंचं उदाहरण घेऊ. आरोग्य विम्यासाठी २०० उणे १८७.२५, उरले १२.७५, त्यावर १७.१ टक्के म्हणजे २ युरो १८ सेंट. फ्लेगेसाठी पूर्ण २०० वर ३.६ टक्के, ७ युरो २० सेंट. बेरीज ९.३८, हातात १९०.६२. फ्लेगेचा दर एवढासा असूनही त्याची कपात आरोग्य विम्याच्या तिपटीहून जास्त निघाली. पुष्कळांना हा क्रांकेनकासेचा घोळ वाटतो. घोळ नाही, कायद्यातच तसं आहे.

या उंबरठ्याचा आणखी एक विचित्र परिणाम होतो. एकाची पेन्शन १८६ युरो, दुसऱ्याची १९०. पहिल्याच्या हातात पूर्ण १८६ पडतात. दुसऱ्याची आरोग्य विम्यात ४७ सेंट आणि फ्लेगेत ६ युरो ८४ सेंट कपात होऊन हातात येतात १८२.६९. चार युरो जास्त मिळवणारा तीन युरो मागे. हिशेब मांडला तर १८७.२५ पासून साधारण १९६ युरोंपर्यंतचा पट्टा असा तोट्याचा निघतो. भारतात नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या जरा वर उत्पन्न गेलं तर वाढलेल्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून ‘मार्जिनल रिलीफ’ दिला जातो. फ्लेगेच्या या उंबरठ्यावर तसा काहीच दिलासा नाही. रक्कम छोटी असली तरी मला हे अन्यायाचं वाटतं, कारण ती छोटी पेन्शन असलेल्यांच्याच ताटातून जाते.

एक बरं आहे. सवलतीचा आकडा जवळजवळ दरवर्षी वाढतो आणि छोट्या कंपनी-पेन्शनची वाढ बहुधा त्याहून सावकाश असते. वरच्या १९० युरोवाल्याची पेन्शन २०२६ मध्ये एक टक्क्याने वाढली तरी १९१.९० होते, म्हणजे १९७.७५ च्या आत. २०२५ मध्ये कापले जाणारे सात युरो २०२६ मध्ये बंद. पण ते खरंच बंद झाले का, हे जानेवारीच्या स्टेटमेंटवर आपणच पाहायचं.

दोन ठिकाणच्या पेन्शनची बेरीज होते, हेही ध्यानात असू द्या. एका कंपनीकडून ११० युरो आणि दुसरीकडून ९५ युरो येत असतील, तर प्रत्येक रक्कम आकड्याच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. क्रांकेनकासे २०५ युरो धरते आणि वजावट एकदाच देते.

हे सगळं असं का झालं, ते कळायला थोडं मागे जायला हवं. २००३ पर्यंत सक्तीच्या सरकारी विम्यात असलेल्या पेन्शनरांना (ते कोण, हे पुढे येईलच) कंपनी-पेन्शनवर आरोग्य विम्याचा अर्धाच दर पडत असे, आणि करारात पहिल्यापासून एकरकमी म्हणून ठरलेल्या रकमेवर काहीच पडत नसे. तेव्हा क्रांकेनकासेंची तिजोरी रिकामी होत चालली होती. उल्ला श्मिट आरोग्यमंत्री असताना आरोग्य विम्याच्या सुधारणेचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून कंपनी-पेन्शनला पूर्ण दर लागला. एकरकमी पैसेही कक्षेत आले. सगळ्यात बोचणारी गोष्ट ही की आधी झालेल्या करारांनाही तो लागू केला. ऐंशीच्या दशकात ज्यांनी ‘यावर काही पडणार नाही’ या भरवशावर पॉलिसी घेतली, त्यांच्या हातात निवृत्तीच्या वेळी हजारो युरोंचं बिल पडलं. लोक न्यायालयात गेले. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये एकरकमी पैशांवरचा हप्ता घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. तरीही लोकांचा राग काही निवला नाही.

त्या काळीही छोट्या पेन्शनला सूट होती, पण आरोग्य विम्यालाही तेव्हा आजच्या फ्लेगेसारखा नुसता उंबरठाच होता. २०१९ मध्ये तो १५५ युरो ७५ सेंट होता. पेन्शन १५५ असेल तर शून्य, १५६ झाली की सगळ्या १५६ वर पूर्ण दर. बरीच वर्षं ओरड झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये, येन्स स्पान आरोग्यमंत्री असताना, संसदेने आरोग्य विम्यापुरती वजावट आणली आणि ती १ जानेवारी २०२० पासून लागू झाली. क्रांकेनकासेंना याचा बोजा वर्षाला सुमारे १.२ अब्ज युरो पडेल असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता. फ्लेगेचा उंबरठा मात्र होता तिथेच राहिला. ५०० युरोंच्या कंपनी-पेन्शनला २०२५ च्या दराने आता आरोग्य विम्याचे ५३.४८ आणि फ्लेगेचे १८ युरो पडतात. वजावट नसती तर आरोग्य विम्याचेच ८५.५० गेले असते. महिना ३२ युरोंचा फरक, वर्षाला साधारण ३८४. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

आता एकरकमी पैसे. कंपनीमार्फत घेतलेली पॉलिसी मुदत संपल्यावर एकदम ३०,००० युरो देते असं धरा. क्रांकेनकासे त्याचे १२० भाग करते आणि दहा वर्षं दरमहा २५० युरोंची पेन्शन मिळते आहे असं मानते. त्यावर आरोग्य विमा १०.७३ आणि फ्लेगे ९ युरो, मिळून १९.७३. दर आणि सवलत तशीच राहिली असं मानलं तर दहा वर्षांत सुमारे २,३७० युरो. इथे पैसे आधीच आपल्या खात्यात आलेले असतात, म्हणून कपात होत नाही, क्रांकेनकासे आपल्याला बिल पाठवते. मुलीच्या लग्नाला किंवा पुण्यातल्या फ्लॅटच्या उरलेल्या कर्जाला सगळी रक्कम घालून मोकळं झाल्यावर हे बिल दारात येतं तेव्हा माणूस हबकतो. तेवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी.

२०२५ च्या सवलतीला १२० ने गुणलं तर २२,४७० युरो येतात. त्याच्या आतल्या एकरकमी पैशांना काहीच लागत नाही. रक्कम किंचित जास्त असेल, समजा २३,०००, तर महिन्याचा भाग १९१.६७ धरला जातो. २०२५ मध्ये तो सवलतीच्या वर होता, २०२६ मध्ये खाली आला. हा भाग दहा वर्षं तोच राहतो आणि सवलत वाढत जाते, त्यामुळे अशा रकमा एक-दोन वर्षांत आपोआप मोकळ्या होतात.

इथपर्यंत जे सांगितलं ते सगळं एका अटीवर उभं आहे: पेन्शनर सक्तीच्या सरकारी विम्यात असला पाहिजे. आपल्या लोकांचं खरं नुकसान होतं ते या अटीपाशी. निवृत्त झाल्यावर सक्तीच्या विम्यात कोण जातो? पहिल्यांदा कामाला लागल्यापासून पेन्शनचा अर्ज करेपर्यंतचा काळ घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे आणि दुसऱ्या भागातला नव्वद टक्के काळ सरकारी क्रांकेनकासेत गेलेला हवा. समजा कुणी आखेनला मास्टर्स करून २७ व्या वर्षी नोकरीला लागलं आणि ६७ व्या वर्षी अर्ज केला. चाळीस वर्षांचा दुसरा भाग म्हणजे ४७ ते ६७. त्या वीस वर्षांतली १८ सरकारी विम्यात हवीत. २०१७ पासून प्रत्येक मुलामागे ३ वर्षं जमेस धरतात, आईला आणि बाबांनाही. ज्यांचं थोडक्यात हुकत होतं अशा अनेकांना त्याचा आधार झाला.

जे या अटीत बसत नाहीत ते सरकारी क्रांकेनकासेत ‘स्वेच्छेने’ राहू शकतात, पण त्यांचा हिशेब पार वेगळा. त्यांना कंपनी-पेन्शनवर वजावट नाही, पहिल्या युरोपासून हप्ता. शिवाय त्यांच्या सगळ्या उत्पन्नावर हप्ता लागतो: व्याज, खासगी पेन्शन, घरभाडं. भाडं जर्मनीतल्या घराचंच असायला हवं असं नाही. वाकडच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटचं भाडंही उत्पन्नच, आणि ते सांगावं लागतं. सक्तीच्या विम्यात असलेल्या पेन्शनरच्या भाड्याला मात्र क्रांकेनकासे हात लावत नाही.

यात माणूस अडकतो कसा? पगार एका मर्यादेच्या वर गेला (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) की सरकारी विमा सोडून खासगीत जाण्याची मुभा मिळते. तिशीतल्या, निरोगी, एकट्या इंजिनिअरला खासगी विम्याचा हप्ता फार स्वस्त दिसतो. एजंट ‘डॉक्टरची अपॉइंटमेंट लगेच मिळेल’ म्हणतो. मग लग्न होतं, मुलं होतात, प्रत्येकाचा वेगळा हप्ता सुरू होतो, पन्नाशी येते. ५५ वर्षांनंतर सरकारी विम्यात परतायचा दरवाजा जवळजवळ बंदच होतो. त्याआधी पन्नाशीत परतलं तरी वरच्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबात ती वर्षं वजा झालेली असतात. मुक्काम जर्मनीतच असेल तर खासगी विम्यात जाण्याआधी आपलं ६७ व्या वर्षीचं चित्र एकदा कागदावर मांडून पाहा, एवढं आग्रहाने सांगतो.

आता ज्या फॉर्मवर एचआर सही मागतं त्याकडे येऊ. पगाराचा काही भाग कंपनी-पेन्शनकडे वळवला की त्या भागावर आत्ता कर आणि सामाजिक विम्याची वर्गणी लागत नाही, असं त्यात असतं. कराचं बरोबर आहे. वर्गणीचं अर्धंच खरं आहे, आणि नेमकं आपल्या आयटी-इंजिनिअरिंगवाल्यांच्या बाबतीत कमी खरं आहे. आरोग्य विम्याची वर्गणी महिना ५,५१२.५० युरोंपर्यंतच्या पगारावरच लागते (२०२५). तुमचा पगार ६,५०० असेल आणि २०० युरो वळवले तर उरलेला ६,३००ही त्या मर्यादेच्या वरच. आरोग्य विमा आणि फ्लेगे यांत एक सेंटही वाचला नाही. वाचली ती सरकारी पेन्शनची आणि बेकारी विम्याची वर्गणी, मिळून १०.६ टक्के म्हणजे २१.२० युरो, आणि त्याच्या बदल्यात पुढची सरकारी पेन्शन थोडी घटली. म्हातारपणी मात्र याच पैशांतून येणाऱ्या पेन्शनवर आरोग्य विम्याचे पूर्ण १७.१ टक्के. म्हणजे आरोग्य विम्यात जाताना काही वाचलं नाही आणि येताना दुप्पट दराने दिलं. चार हजार पगाराच्या माणसाचं तसं नाही. २०० युरोंवर त्याचे आरोग्य विमा आणि फ्लेगे मिळून साधारण वीस युरो आत्ता वाचतात.

म्हणून कंपनी-पेन्शन वाईट, असं मी म्हणणार नाही. कंपनी स्वतःहून घसघशीत भर घालत असेल तर नाही म्हणू नये. कायद्याने तिला वळवलेल्या रकमेवर १५ टक्के भर घालावीच लागते, फक्त तिची स्वतःची वर्गणी तेवढी वाचत नसेल तर जेवढी वाचली तेवढीच. काही कंपन्या त्याहून बरंच जास्त देतात. सही करण्याआधी एचआरला विचारायचा प्रश्न हाच: माझ्या २०० वर तुम्ही किती घालणार? उत्तर दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल आणि पगार आरोग्य विम्याच्या मर्यादेच्या वर असेल, तर तेच पैसे दुसरीकडे गुंतवून काय होतं हे शेजारी मांडून पाहावं.

नोकरी बदलतानाची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. जुन्या कंपनीने तुमच्या नावे काढलेली पॉलिसी तुम्हाला पुढे स्वतःच्या खिशातून चालू ठेवायची असेल, तर पॉलिसीधारक म्हणून कंपनीच्या जागी स्वतःचं नाव लावून घ्या. घटना न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला की त्यानंतर भरलेल्या हप्त्यांतून जो भाग मिळेल तो खासगी, सक्तीच्या विम्यातल्या पेन्शनरला त्यावर आरोग्य विम्याचा हप्ता नाही. पेन्सिओन्सकासेच्या बाबतीतही २०१८ मध्ये असाच निकाल झाला. पण पॉलिसीधारक म्हणून कंपनीचंच नाव राहिलं, तर पैसे तुमचे असूनही सगळ्या रकमेवर हप्ता बसतो. एका अर्जाचं काम आहे आणि ते नोकरी सोडतानाच करून टाकावं. कंपनीमार्फत घेतलेल्या रीस्टर पेन्शनला (सरकारी अनुदान मिळणारी पेन्शन) तर २०१८ पासून हा हप्ता लागतच नाही.

निवृत्तीनंतर कायमचं भारतात परतायचं ठरवलेल्यांचं गणित सोपं आहे. तिथे राहणारा पेन्शनर जर्मन क्रांकेनकासेत राहत नाही, त्यामुळे कंपनी-पेन्शनमधून हा हप्ताही कापला जात नाही. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, पण तो पेन्शनपुरता. आरोग्य विमा त्यात येत नाही. तेव्हा परतण्याआधी भारतातल्या मेडिक्लेमची सोय लावायला हवी, आणि साठीनंतर ती पॉलिसी सहज मिळत नाही.

जे इथेच राहणार आहेत त्यांना पेन्शन सुरू झाल्यावर क्रांकेनकासेचं पत्र येईल. त्यात चार गोष्टी तपासा: ‘सक्तीचा’ की ‘स्वेच्छेचा’ सदस्य म्हणून नोंद आहे, मुलांमागची वर्षं धरली आहेत का, आरोग्य विम्याची वजावट दिली आहे का, आणि फ्लेगेला मूल असल्याचा दर लावला आहे का. मुलांचे जन्मदाखले भारतातले असतील तर ते पोचलेच नाहीत आणि म्हणून ४.२ टक्के लागले, असं होऊ शकतं. चूक दिसली तर पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी हरकत घ्यावी लागते. मुदत टळून गेली असली तरी चुकून भरलेले हप्ते परत मागता येतात, पण ज्या वर्षी भरले ते वर्ष संपल्यावर चार वर्षांच्या आत.